एक श्वास पुढे

पाण्याचा पडदा आधीच उघडलेला होता. दारावरच्या नळीतून फवारा पडत होता आणि त्याच्या पलीकडे, पांढऱ्या धुक्यात, मैथिलीची पाठ दिसत होती. हर्षदा जीव तोडून धावली. पायाखालचा पाइप ओलांडला, टाकीला वळसा घातला, लाल चाकाकडे हात लांबवला. चाकावर मैथिलीचे हात होते. चाक फिरत होतं. धुकं विरलं, भोंगा थांबला आणि डोळ्यांसमोर अक्षरं उमटली : ‘गळती बंद. मैथिली सुर्वे. तुम्ही एक श्वास मागे.’

हर्षदाने हेल्मेट उतरवलं. धुकं नव्हतं, टाकी नव्हती. कारखान्याच्या जुन्या कॅन्टीनची रिकामी खोली होती, जमिनीवर रबराची चटई होती आणि कोपऱ्यात हेल्मेटं ठेवायचा रॅक. तिने मनगटावरचा पट्टा सोडवला.

बाहेर बाकावर मैथिली आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. खरी मैथिली. पायांत पांढरे गमबूट, केसांवर जाळी, तोंडात बडीशेप.

“कसं झालं, ताई?”

“झालं,” असं म्हणून हर्षदा तिच्याकडे न बघता पुढे गेली.

दोघी सख्ख्या जावा. हर्षदा थोरली. लग्न होऊन सुर्व्यांच्या घरात आली त्याच वर्षी ती कारखान्यात लागली. आधी पॅकिंगला, मग शीतगृहात आणि शेवटी कॉम्प्रेसर विभागात. तिथे त्याआधी एकही बाई नव्हती. धाकटी मैथिली कारखान्यात गेल्या वर्षी आली. तिचा नवरा समीर जहाजावर असतो, वर्षातले बरेच महिने समुद्रात. घरात बसून काय करायचं म्हणून रसायनशास्त्र शिकलेल्या मैथिलीने अर्ज केला आणि तिला थेट कॉम्प्रेसर विभागातच घेतलं. हर्षदाला तिथपर्यंत पोचायला जितकी वर्षं लागली, तितकी वर्षं मैथिली शाळा-कॉलेजात होती.

रत्नागिरीबाहेरच्या माळावरच्या त्या कारखान्यात पावसाळ्यानंतर कोळंबी आणि सुरमई गोठवली जायची, उन्हाळ्यात आमरस. सगळ्या कारखान्याची थंडी अमोनियाच्या जिवावर होती. अमोनिया वायूला दाबून द्रव करायचा, तो द्रव नळ्यांतून शीतगृहात सोडायचा. तिथे तो उकळतो आणि उकळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. मग पुन्हा दाबायचा, पुन्हा सोडायचा. स्वस्त आणि भरवशाची पद्धत आहे ही. पण नळी कुठे फुटली, तर तोच अमोनिया जमिनीलगत पांढऱ्या धुक्यासारखा पसरतो आणि डोळे, घसा, फुप्फुसं, जिथे ओल सापडेल तिथे जाऊन भाजतो. त्याला पाण्याची ओढ फार. म्हणून कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दारावर पाण्याच्या फवाऱ्याची सोय असते. गळती झाली, की एकीने फवारा उघडायचा आणि दारात उभं राहायचं. दुसरीने तोंडावर हवेचा मास्क चढवून आत जायचं आणि टाकीजवळचं लाल चाक फिरवून मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. दारातलीने आतलीवरची नजर काढायची नाही. नियम एवढाच.

पूर्वी हे वर्षातून एकदा शिकवलं जायचं. सगळ्यांना अंगणात उभं करून, लाउडस्पीकरवरून. बायका गप्पा मारत ऐकायच्या आणि विसरून जायच्या. मग नव्या कायद्याने सरावाची सक्ती केली आणि पुण्याच्या एका कंपनीने तो खेळ आणला.

खेळ बसवायला आलेला अद्वैत पंडित नावाचा तरुण इंजिनीयर चांगला होता. पहिल्या फेऱ्या झाल्यावर त्याने सगळ्या बायकांना जमिनीवर बसवून, स्वतःही खाली बसून समजावलं होतं. “हेल्मेट तुमची नजर बघतं. तुम्ही कुठे बघता, डोळ्यातली बाहुली किती मोठी होते. मनगटावरचा पट्टा नाडी आणि घाम बघतो, हातमोजे पकड बघतात. त्यावरून खेळाला कळतं, तुम्ही कंटाळलात का, घाबरलात का. काम फार सोपं झालं तर माणूस शिकत नाही, फार अवघड झालं तरी शिकत नाही. मधली एक जागा असते. खेळ तुम्हाला सतत त्या जागेवर ठेवतो.”

“आणि समोर ती दुसरी बाई कोण धावते?” पॅकिंगच्या जुलेखा मुकादमने विचारलं होतं.

“तुमच्यातलीच कुणीतरी. ओळखीचं माणूस जरासं पुढे असलं, की आपण सगळ्यांत जोरात शिकतो, असं आम्हाला आढळलंय. फार पुढे नाही. जरासं.”

बायका हसल्या होत्या. त्यांनी त्या आकृतीला ‘पुढची’ असं नाव ठेवलं. ती त्या बाईने आधी खेळलेली फेरीच, असं सगळ्या धरून चालल्या. निकाल ज्याचा त्यालाच दिसायचा आणि तो दुसऱ्याला सांगू नये, अशी सूचना होती. सूचनेची गरज नव्हती. आपण हरलो, हे सांगायला कुणाला आवडतं?

हर्षदाला पहिल्या काही दिवसांत वेगवेगळ्या बायका पुढे दिसल्या. मग नुसती मैथिली दिसू लागली.

शिकायला होत होतं, हे मात्र खरं. आधी मास्कचे पट्टे आवळताना हर्षदाची बोटं गोंधळायची, आता डोळे मिटूनही मास्क बसायचा. पाइपांचं सगळं जाळं तिच्या डोक्यात उभं होतं. दारावरच्या फवाऱ्याचा दांडा ओढायला ती सुरुवातीला थांबायची, पण दरवेळी मैथिलीने तो आधीच ओढलेला असायचा. मग हर्षदाने तिकडे बघणंच सोडलं. तेवढाच वेळ वाचायचा. तरीही चाकावर आधी हात मैथिलीचेच.

अशी रोज हरून ती घरी यायची आणि घरात मैथिली असायची.

मैथिली ओट्याशी उभी राहून बांगड्याचं तिखलं करत असायची आणि सासूबाई चव घेऊन म्हणायच्या, “हर्षदा, बघ गो, त्रिफळं किती बेतात घातलीत हिने.” हर्षदाची दहा वर्षांची गार्गी विज्ञानाचं पुस्तक घेऊन काकीच्या खोलीत जायची. “आई, तुला नाही कळणार, काकीला विचारते,” हे तिने सहज म्हटलं होतं, पण हर्षदाला ते दिवसभर टोचत राहिलं. हे सगळं आधीही होतंच. मैथिली काही काल घरात आली नव्हती. पण आधी ते बोटाला लागलेल्या काट्यासारखं होतं, दुर्लक्ष करता यायचं. आता रोज दुपारी कुणीतरी तो काटा बोटात आणखी आत सरकवत होतं.

“तुला झालंय काय?” तिच्या नवऱ्याने, विनयने विचारलं. “ती बिचारी तुला ताई ताई करते आणि तू एका शब्दाने बोलत नाहीस.”

“तुला बिचारी वाटते ना? मग झालं.”

“माझं काय त्यात?”

“तुझं काहीच नाही. सगळं तिचंच आहे.”

कारखान्यातही हवा बदलली होती. आधी दुपारच्या सुट्टीत पत्र्याच्या शेडखाली डबे एकत्र उघडायचे, एकीची भाकरी दुसरीच्या पानात जायची. आता बायका दोघी-तिघींनी वेगवेगळ्या बसू लागल्या. काही जणी एकट्याच जेवायच्या. जुलेखा एकदा म्हणाली, “नजर लागल्यासारखं झालंय गं सगळ्यांना. माझ्या सख्ख्या मामेबहिणीशी बोलावंसं वाटत नाही मला हल्ली. तिने माझं काय वाकडं केलंय, सांग?” हर्षदाने मान हलवली. तिचं लक्ष समोर होतं. नळावर डबा विसळणारी मैथिली कुणाशीतरी हसत होती. त्या हसण्याचं कारण आपणच, असं हर्षदाला तेव्हा ठामपणे वाटलं.

एप्रिलमध्ये कॉम्प्रेसर विभागाचे जुने प्रमुख निवृत्त झाले. जागा हर्षदाला मिळणार हे सगळे धरून चालले होते. पण कारखान्याचे व्यवस्थापक सावर्डेकर म्हणाले, “हंगाम संपल्यावर ठरवू. खेळाच्या कंपनीकडून आलेल्या अहवालात दोघींचीही प्रगती उत्तम आहे. खरं सांगायचं तर सारखीच.”

सारखीच! हर्षदाला ते सौजन्य वाटलं, थोरलीची लाज राखायला बोललेलं. त्या दिवशी तिने खेळाच्या जास्तीच्या तीन फेऱ्या मागून घेतल्या. तिन्ही हरली.

मे महिन्यात आमरसाचं काम टिपेला पोचलं. ट्रकमागून ट्रक हापूस येत होता, कॉम्प्रेसर विश्रांती न घेता धडधडत होते. त्या दिवशी दुपारी दोघी जावा एकाच पाळीत होत्या. हर्षदा दाबाची घड्याळं तपासत होती आणि मैथिली पलीकडे तेलाची पातळी बघत होती. सकाळपासून दोघी एकमेकींशी फक्त आकड्यांत बोलल्या होत्या.

पंपाच्या जोडातली गॅस्केटची चकती फुटली तेव्हा आधी शिट्टीसारखा आवाज आला. मग नाकात सुरी फिरावी तसा वास. भोंगा वाजू लागला.

दोघी बाहेर धावल्या, भिंतीवरचे मास्क ओढून घेतले. मास्क इतक्या चपळाईने चढले, की जुन्या काळच्या कवायतीत कुणाला ते जमलंच नसतं. खेळाने ते शिकवलं होतं. मग दोघी वळल्या आणि दोघीही आत शिरल्या.

धुकं गुडघ्यापर्यंत आलं होतं. पुढे मैथिलीची पाठ होती. अगदी तशीच. हर्षदाच्या मनात त्या क्षणी गळती नव्हती, आमरस नव्हता, भिंतीपलीकडच्या बायका नव्हत्या. आज नाही, एवढंच तिच्या मनात होतं. आज मी तुला पुढे जाऊ देणार नाही. तिने पाइप ओलांडला, टाकीला आतल्या बाजूने वळसा घातला आणि चाकावर हात टाकला. त्याच क्षणी मैथिलीचेही हात पडले. दोघींनी चाक ओढलं, पण एकत्र नाही. एक ओढत होती, दुसरी तिला बाजूला सारत होती. हर्षदाचं कोपर मैथिलीच्या तोंडावर बसलं, मास्क गालावरून सरकला आणि मैथिली वाकली.

चाक हर्षदाने फिरवलं. पुरतं, शेवटपर्यंत. शिट्टी थांबली.

मग तिने मागे वळून बघितलं. दारावर फवारा नव्हता. दांडा जागच्या जागी वर होता, कुणी हात लावलेला नव्हता. आणि पांढरं धुकं उघड्या दारातून, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांखालून, पॅकिंगच्या हॉलमध्ये निघालं होतं. तिथे आंबे कापणाऱ्या बायका होत्या. पलीकडून किंकाळ्या ऐकू येत होत्या.

हर्षदाने मैथिलीला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. मग दांडा खाली ओढला. पाणी धो धो कोसळलं, पण जायचं ते पलीकडे गेलं होतं.

जुलेखाने बायकांना मागच्या दाराने बाहेर काढलं होतं. एक पोर घसरून पडली होती, तिला आणायला ती पुन्हा आत गेली. पोरगी वाचली. जुलेखाच्या डाव्या डोळ्याचं काय होईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाकीच्यांना खोकला, डोळ्यांची आग आणि भीती, एवढ्यावर निभावलं. मैथिलीचा घसा आणि श्वासनलिका भाजली होती. तिला जिल्हा रुग्णालयात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सावर्डेकरांनी हर्षदाला बोलावलं. पंखा सुरू होता तरी ते कपाळ पुसत होते.

“परवा चौकशीला अधिकारी येताहेत. कॅमेऱ्यात नुसतं धुकं आहे, चाकापाशी दोघी दिसता एवढंच. नियमाप्रमाणे फवाऱ्याचं काम कनिष्ठ ऑपरेटरचं, बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे मैथिलीचं. तुम्ही तिला दारात थांबायला सांगितलंत आणि तिने ऐकलं नाही. असंच झालं ना?”

हर्षदाने समोरचा पाण्याचा पेला उचलला.

“चाक तुम्ही बंद केलंत, तिला बाहेर तुम्ही काढलंत. वर सगळे तुमच्यावर खूश आहेत. विभाग तुमच्याकडेच द्यायचाय. फक्त हे एवढं स्पष्ट व्हायला हवं.” त्यांनी आवाज खाली आणला. “ती अजून नवीन आहे. तिचं काय, समीरचा पगार आहे. तिला दुसरीकडे कुठेही लागता येईल.”

हर्षदा बाहेर पडली तेव्हा तिला आतून गोड वाटत होतं. त्याची तिला लाज वाटली नाही. तिने मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघितलं : मी तिला थांबायला सांगितलं, तिने ऐकलं नाही. वाक्य तोंडात छान बसलं. थोड्या वेळाने तर तिला असंही वाटू लागलं, की आपण खरंच तसं ओरडून सांगितलं होतं.

संध्याकाळी ती पेज घेऊन रुग्णालयात गेली. सासूबाई दिवसभर तिथे बसून थकल्या होत्या, त्यांना विनयबरोबर घरी पाठवलं. मैथिलीच्या नाकाशी नळी होती. आवाज जेमतेम फुटत होता.

“जुलेखाचाची?”

“डोळा बघताहेत. बोलू नकोस तू.”

मैथिलीने तिचा हात धरला. हर्षदाने तो सोडवला नाही, पण स्वतःहून धरलाही नाही.

“ताई, एक सांगा. काल तुम्ही पाणी का नाही उघडलं?”

हर्षदाचं अंग तापलं. आजारी बाईशी भांडू नये म्हणून तिने आवाज आवरला. “मी? ते तुझं काम होतं.”

“हो, माझं होतं. पण तुम्ही नेहमी उघडता.”

“नेहमी कधी? आधी कधी गळती झाली होती आपल्याकडे?”

“खेळात.” मैथिलीने श्वास घेतला, खोकली, पुन्हा श्वास घेतला. “मी पोचते तेव्हा पडदा उघडाच असतो. पुढे तुमची पाठ दिसते. मी कितीही धावले तरी चाकावर तुमचेच हात असतात. रोज. मग मी दांड्याकडे बघणंच सोडून दिलं. म्हटलं, ताईंनी उघडलाच असणार.”

हर्षदाने पेजेचं भांडं खाली ठेवलं.

“मग काय लिहून येतं?” तिने विचारलं.

“काय येणार? गळती बंद, हर्षदा सुर्वे. तुम्ही एक श्वास मागे.” मैथिलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. “तुमचा इतका राग यायचा मला, ताई. घरी आलं की आई प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारणार. किल्ल्या तुमच्याकडे, बाजार तुमच्याकडे. समीरचा फोन आला तरी आधी ‘वहिनी कशी आहे’. आणि तिथे कारखान्यात तुम्ही म्हणजे सगळ्यांचा देवच. वाटायचं, निदान एकदा. एकदा तरी तुमच्या आधी हात लागू दे त्या चाकाला.”

“तू माझ्यावर जळत होतीस?”

“जळत होते म्हणजे काय! तुमच्या पाठीला डोळे असते ना, तर दिसलं असतं तुम्हाला.”

हर्षदा स्टुलावर बसून राहिली. इतके महिने जिच्या पाठीकडे बघत ती धावत होती, ती तिच्याच पाठीकडे बघत धावत होती. मग पुढे होतं कोण?

दुसऱ्या दिवशी पुण्याहून अद्वैत आला. चौकशीसाठी त्यालाही बोलावलं होतं. हर्षदाने त्याला कारखान्याच्या फाटकातच गाठलं.

“खेळातली मैथिली खोटी होती का?”

त्याला प्रश्न लगेच कळला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. “खोटी नाही. बनवलेली. चाल तिची, चेहरा तिचा. वेग तुमच्यावरून काढलेला. तुम्ही जितक्या जलद व्हाल, त्याहून एक श्वास जास्त. ती तुमच्याकडून कधीच हरत नाही.”

“आणि तिच्या खेळात मी.”

“हो.”

“तिचंच नाव कुणी भरलं माझ्यापुढे? सावर्डेकरांनी?”

“कुणीच नाही.” अद्वैत खाली बघत म्हणाला. “खेळ सुरुवातीला सगळ्यांचे चेहरे फिरवून दाखवतो. ज्या चेहऱ्याला तुमच्या डोळ्यातली बाहुली सगळ्यांत जास्त मोठी होते, मूठ सगळ्यांत जास्त आवळली जाते, तो ठेवतो. आम्हाला माहीतही नसतं कुणाला कोण दिसतं. नाव तुम्हीच दिलेलं असतं, ताई.”

“आणि त्या फवाऱ्याचं काय? पुढचीने उघडला तरी काम झालं, असं धरता तुम्ही?”

अद्वैतने फाटकाचे गज धरले. “ते आमच्या ध्यानात यायला हवं होतं,” तो म्हणाला. “प्रत्येक जण एकटा किती लवकर शिकतो, एवढंच आम्ही मोजत होतो.”

हर्षदाला त्याचा राग आला, पण पुरता येईना. चेहरा मशीनने निवडला होता, पण मूठ तिची होती. खेळ नसता तर ती मूठ कदाचित आयुष्यभर अर्धीच आवळलेली राहिली असती. घरातल्या घरात, भांडी आपटण्यापुरती. खेळाने ती रोज थोडी थोडी आवळून घट्ट केली होती आणि शेवटी तिच्यात कोपराचं बळ आणलं होतं.

चौकशी कार्यालयाच्या मोठ्या खोलीत झाली. दोन अधिकारी, सावर्डेकर, अद्वैत आणि भिंतीलगत पॅकिंगच्या बायका. जुलेखा डोळ्यावर पट्टी बांधून हट्टाने आली होती. अधिकाऱ्यांनी हर्षदाला विचारलं, दारात थांबायची सूचना तुम्ही दिली होती का.

ते वाक्य अजून तिच्या तोंडात तयार होतं. आणि अजून गोड होतं. मैथिली रुग्णालयात होती, ती खोडून काढायला येणार नव्हती. सावर्डेकर तिच्याकडे बघून हलकेच मान हलवत होते.

“नाही,” हर्षदा म्हणाली. “मी काहीच बोलले नाही तिच्याशी. मी वरिष्ठ होते, सांगायला हवं होतं. मला चाकाला तिच्या आधी पोचायचं होतं. तिलाही माझ्या आधी पोचायचं होतं. तिच्या मास्कला माझं कोपर लागलं. चुकून लागलं, असं मी खात्रीने सांगू शकत नाही.”

मग तिने खेळातली पाठ, उघडा पडदा, एक श्वास, सगळं सांगितलं. ती बोलत असताना भिंतीलगत कुजबुज सुरू झाली. “म्हणजे तुलापण?” एक बाई दुसरीला म्हणाली. “मला तू दिसायचीस.” “मला तर ती.” जुलेखाची मामेबहीण पुढे आली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

सावर्डेकरांनी हर्षदाला काही महिन्यांसाठी कॉम्प्रेसर विभागातून काढून पुन्हा पॅकिंगला टाकलं. बढतीचा विषय संपला. तिने आंबे कापले, मग पावसाळ्यानंतर कोळंबी सोलली. जुलेखाचा डोळा वाचला, पण नजर अंधूक झाली ती झालीच. हर्षदा तिच्या शेजारी बसायची आणि हातात आलेली बारीक कोळंबी न बोलता आपल्या टोपलीत ओढून घ्यायची. जुलेखाने तिला एकदाच विचारलं, “तेव्हा आम्ही भिंतीपलीकडे आहोत, हे आठवलं नाही ना तुला?” हर्षदा म्हणाली, “नाही.” जुलेखाने नवी कोळंबी सोलायला घेतली. तिने माफ केलं का, ते हर्षदाला कधी कळलं नाही.

बायकांनी मिळून मागणी केली आणि कारखान्यातल्या खेळातून ‘पुढची’ काढून टाकली गेली. त्याऐवजी दोन हेल्मेटं एकत्र जोडली. एक बाई दारात, एक आत. आतली सुखरूप बाहेर आली तरच फेरी संपते. अद्वैतने महिनाभर तिथेच मुक्काम करून ते बसवून दिलं. शिकण्याचा वेग उतरला. काही जणींना कंटाळा येऊ लागला आणि एकीने तर उघड म्हटलं, की आधीच्या खेळात मजा होती. दुसऱ्या कारखान्यांत जुना खेळ तसाच चालू राहिला. तिथले आकडे चांगले होते.

मैथिली बरी होऊन कामावर आली. आवाज किंचित घोगरा झाला तो तसाच राहिला. दिवाळीच्या सुमाराला हर्षदाला पुन्हा कॉम्प्रेसर विभागात घेतलं आणि त्याच आठवड्यात विभागाची प्रमुख म्हणून मैथिलीचं नाव जाहीर झालं. प्रत्यक्ष खोलीत, खऱ्या मास्कनिशी, खऱ्या चाकावर सगळ्यांची परीक्षा घेतली होती. हर्षदाही त्यात होती. मैथिली सगळ्यांत जलद आणि सगळ्यांत शांत होती. दारात उभं राहण्याच्या कामातसुद्धा.

त्या दिवशी सुट्टी झाल्यावर दोघी कंपनीच्या बसची वाट बघत थांब्यावर उभ्या होत्या. ऊन उतरलं होतं. समुद्राकडून वारं येत होतं. मैथिली बराच वेळ चुळबुळत होती. शेवटी तिने विचारलंच.

“ताई, वाईट वाटलं?”

“वाटलं.”

“राग आलाय?”

“आलाय.”

“खूप?”

हर्षदाने तिच्याकडे वळून बघितलं. घामाने कपाळाला चिकटलेले केस, मास्कच्या पट्ट्याचा गालावर उठलेला वळ, डोळ्यांत लपत नसलेला आनंद. आत ओळखीची आग पेटली होती, अगदी तीच. पण आज तिला ती कुठून येते आणि कुणाकडे जाते, ते नीट दिसत होतं.

“खूप,” ती म्हणाली. “पण आज तुझाच आलाय.”

बस आली. मैथिली आधी चढली आणि आत जाऊन तिने खिडकीजवळची जागा हर्षदासाठी धरून ठेवली.